तळाचं भोक

"कुंदा, पुरे आता. सेट बांधूक घे," चेअरमन म्हणाले.

मी ऐकलंच नाही असं दाखवून माइकचं बटण पुन्हा दाबलं. "आडबंदरकडून गंगासागर, आडबंदरकडून गंगासागर. ऐकू येत असेल तर उत्तर द्या." बटण सोडलं. स्पीकरमधून नुसती खरखर. बोलत असताना सेटवरच्या काचेतली सुई उजवीकडे जाऊन आडवी पडली होती. ती डावीकडे असली म्हणजे आपलं बोलणं छपरावरच्या तारेतून समुद्रावर जातंय असं समजायचं. उजवीकडे झुकली म्हणजे ते वर न चढता सेटमध्येच परत येतंय. गेला आठवडाभर ती उजवीकडेच होती, म्हणजे आठवडाभर मी माझ्याशीच गप्पा मारत होते.

"ऐकलंस मां?" चेअरमन पुन्हा म्हणाले.

"ऐकलंय. आणखी येकदा बघतंय."

आत्माराम पराडकर, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना कुणाचीच नाराजी नको असायची, त्यामुळे शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ते ऐकत. वायरलेसचा सेट सोसायटीला चाचणीसाठी मिळाला होता. चालला तर बंदराला कायमचा, नाही चालला तर दुसऱ्या बंदराला. बंदरातल्या बोटींपैकी चारच बोटींवर सेट होते, आणि त्यातल्या एकीवर, गंगासागरवर, तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख होता माझा नवरा दिगंबर.

"शनवारी खात्याच्या साहेबांचो माणूस सेट बघूक येतलो. मी काय सांगू तेका?" चेअरमन म्हणाले. "आनी चालू झालो तरी काय? तुझा ऐकतलो कोण? मागच्या टायमाक तू सांगितलंस, तर रामेश्वर बोटीवालो म्हणालो, आदी चेअरमनांक इचारा."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी नवीन लग्न होऊन ह्या बंदरात आले तेव्हा दहावी झालेली आणि आकडे इंग्रजीतून न अडखळता वाचणारी बाई म्हणून मला ही नोकरी मिळाली. तोवर मी कुणाची तरी मुलगी होते, मग कुणाची तरी बायको झाले, मग सून. सोसायटीच्या ह्या खोलीत बसल्यावर पहिल्यांदा मी काहीतरी करत होते. समुद्रावर गेलेला माणूस परत दिसेपर्यंत नसल्यात जमा, असा तो काळ. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यामुळे हे कुणाला सांगून पटत नाही. पण दुपारी स्पीकरमधून दिगूचा आवाज यायचा, "सगळा बरां असा", आणि ते ऐकायला बंदरातल्या बायका काहीतरी निमित्त काढून खोलीच्या दाराशी यायच्या. सेट गेला असता तर हे सगळं गेलं असतं. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. सेट बसवून देणारे सबनीस साहेब. त्यांच्यासाठी मी तीनदा निरोप ठेवला होता आणि ते दौऱ्यावर होते.

"सुई उजवीकडे?" त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग भिंतीवरचा डबा उघडा."

"तुम्हीच सांगितलं होतंत, मला विचारल्याशिवाय उघडू नका म्हणून."

"आता विचारलंत ना. आतलं कडं ओलं झालं असेल. आणि आधी बघा, तळाचं भोक मोकळं आहे का."

डबा म्हणजे सोसायटीच्या मागच्या भिंतीवर, पन्हळीच्या उंचीवर ठोकलेला एक करडा पत्र्याचा डबा. त्यात बांगडीएवढं एक काळं कडं होतं, लोखंडाची भुकटी दाबून केलेलं, आणि त्याच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. सेटमधून निघालेलं बोलणं ह्या कड्यातून वर चढायचं. कडं भिजलं, गंजलं, की सगळं बिघडलं. सबनिसांनी वैशाखात डबा बसवला तेव्हा त्याच्या तळाला मुद्दाम एक भोक पाडलं होतं, आणि सोसायटीतले सगळे हसले होते. ते म्हणाले होते, "हसा खुशाल. दमट हवा कुठूनही आत शिरते, रात्री गारठली की डब्याला आतून घाम येतो. त्याला खाली वाट पाहिजे." भोक होतं डबा आणि त्याला धरणारी लोखंडी पट्टी यांच्या मध्ये. शिडीवरून ते दिसायचंच नाही.

फोन ठेवला आणि मी पदर खोचला.

"कोणाक तरी शिडी धरूक बोलवतंय," चेअरमन म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघून थांबले. "बाहेर सहदेवच असा."

सहदेव कुबल म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची. सोसायटीमागे सुरूच्या सावलीत एक बोट उपडी करून ते तिच्या फळ्यांमधल्या फटी बुजवत होते. तेच त्यांचं काम. कापसाची वात वळायची, छिन्नीनं फटीत ठोकून बसवायची, वरून राळ आणि तेलाचं लुकण चोळायचं. मामांनी बुजवलेली बोट गळली असं आमच्याच काय, शेजारच्या बंदरांतही कुणी ऐकलं नव्हतं. त्यांना त्याचा गर्व होता आणि तो त्यांना शोभायचाही.

माझ्या नोकरीबद्दल ते एकदाच बोलले होते, आणि तेही नेमकं सोसायटीच्या दारात, दहा माणसांसमोर. "आमच्या घरात काय कमी असा? बायलमाणसान शिडयेर चढाचा, ह्या काय बरां दिसता?" शिडी अशासाठी, की तार अडकवलेल्या चिनी मातीच्या गुट्ट्यांवर खाऱ्या वाऱ्यानं मीठ धरायचं आणि ते रोज पुसावं लागायचं. गुट्टे डब्याच्या जरा वर होते. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शिडी चढले. तेव्हापासून मामा माझ्याशी बोलेनासे झाले. वाढलेलं जेवायचे, ताट उचलायला मी आले की उठून जायचे. मीही कमी नव्हते. नाही बोलत तर राहिलं, म्हणून मीही अबोला धरला.

त्यामुळे शिडी धरायला मामाच येणार म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी पडली. पण ते आले. हात पायजम्याला पुसले आणि एक शब्द न बोलता शिडीचे दोन्ही पाय धरून उभे राहिले. चेअरमन आणि दोन संचालक मागे येऊन उभे होते, मला पडताना बघायला आल्यासारखे.

मी वर गेले. डब्याच्या झाकणाचे स्क्रू फिरेनात. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर काहीतरी घट्ट बसलं होतं. नखानं खरवडलं, पेचकसानं टोकरलं, तेव्हा कुठे ते फिरले. शेवटचा स्क्रू सुटला आणि झाकण माझ्या हातात यायच्या आधीच आतून तांबूस पाणी भसकन बाहेर आलं. ते सरळ मामांच्या डोक्यावर गेलं.

मागे कुणीतरी हसलं. मामांनी शिडी सोडली नाही. त्यांनी एक हात वर करून तोंड पुसलं आणि डब्याकडे बघत राहिले.

"काय झाला?" चेअरमननी विचारलं.

"डबो पाण्यान भरलेलो," मी म्हणाले. कडं पाण्यात बुडून बसलं होतं. त्याच्यावरचा रंग फुगून फुटला होता आणि खालून गंज वर आला होता. पाणी कुठून आलं तेही दिसत होतं. खांबावरून उतरणाऱ्या केबलचं वरचं कवच उन्हानं तडकलं होतं, आणि केबलच्या आतल्या तारांच्या वेणीतून पाणी थेंब थेंब डब्यात उतरत होतं. पावसात ते आत उतरलं आणि आतच राहिलं. मी बोट घालून तळ चाचपला. भोक लागलंच नाही. त्या जागी काहीतरी गुळगुळीत होतं.

"भोक बुजवलेला असा," मी म्हणाले.

मग एक संचालक म्हणाले, "ह्या कोणी केल्यान?" आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता सगळे मामांकडे बघायला लागले. आडबंदरात भोक बुजवणारा माणूस एकच होता, आणि सुनेनं घरात बसावं असं दहा माणसांसमोर म्हणणाराही तोच होता.

"सहदेवा?" चेअरमन म्हणाले.

"मीच बुजवलंय," मामा म्हणाले.

"सून घराक बसात म्हणान?"

मामांच्या भुवयांवरून तांबूस पाणी ठिबकत होतं आणि ते शिडी धरून तसेच उभे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस मी ह्या माणसाला भाकऱ्या थापून वाढल्या होत्या. वरूनच काहीतरी टोचून बोलावं असं तोंडावर आलं होतं. पण बोट अजून त्या भोकावर होतं, म्हणून मी वाकून नीट बघितलं.

कापसाची वात होती. दिव्यासाठी वळतात त्याहून बारीक, तीन पदरी. ती भोकात गोल गोल बसवून वर लुकण अंगठ्यानं चोळून सपाट केलं होतं, इतकं की कडेला बोटाचा ठसासुद्धा नव्हता. मग एक पायरी उतरून, मान वाकडी करून पट्टीच्या फटीतून बाहेरची बाजू बघितली. बाहेरून त्याला करडा रंग लावला होता. डब्याचाच रंग, जुळवून आणलेला. आणि ते स्क्रू. सगळ्या स्क्रूंची डोकी एकेक करून बुजवली होती.

वायरलेस बंद पाडायचा असता तर एक तार तोडून काम झालं असतं. त्यासाठी कुणी रंग जुळवत बसत नाही.

मी खाली उतरले. "मामांनु, ह्या कधी केलात?"

आम्ही एकमेकांशी बोलून तेव्हा कितीतरी महिने झाले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "श्रावणात. तू रोज पावसात शिडी चढत होतंस. डोक्यार पदर घेवन. माका वाटला, डब्यात पाणी जाता ता पुसतंस. बघितलंय तर तळाक भोक. म्हटलंय, मेल्यान भोक ठेवन दिल्यान. येकदा चांगला बुजवलंय तर पोरीक वर चढाचा लागाचा नाय. पडलंस बिडलंस तर?"

"मगे माका सांगूक नाय?"

"सांगतलंय कसा?" मामा म्हणाले. "मी तुझ्याशी बोलत खंय होतंय?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. माझ्यासाठी कुणी पावसात शिडी चढून, लपून, इतकं निगुतीनं काही केलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माहेरीसुद्धा माझ्यासाठी कुणी असं केलं नव्हतं.

चेअरमन घसा साफ करत म्हणाले, "म्हणजे सहदेवाचा बुजवलेला शेवटी गळला."

मामांची मान खाली गेली. ते ऐकणं त्यांना सगळ्यात जड गेलं असावं.

"गळूक नाय," मी म्हणाले. "गळला असता तर बरां झाला असता. मामांनी बुजवलेल्यातसून थेंब बाहेर गेलो नाय, म्हणान तर पाणी आत रवला."

मामांनी वर बघितलं. मग डब्याकडे. त्यांना ते कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "आता काय करूचा?"

सबनिसांना फोन लावला. ते म्हणाले, कडं गोड्या पाण्यानं धुवा, गंज घासा, मंद उबेत पूर्ण सुकवा, आणि परत लावायच्या आधी त्याच्यावर काहीतरी पाणी न धरणारं लेपून घ्या. "मेण, व्हार्निश, काहीही. कडं बंद करा, डबा उघडा ठेवा. लोक नेमकं उलटं करतात."

मंद ऊब मामांकडे होतीच. राळ वितळवायच्या चुलीतले निखारे त्यांनी बाजूला ओढले, त्यांच्यावर राख पसरली आणि कडं त्या उबेला ठेवून ते समोर उकिडवे बसले. मध्येमध्ये उचलून गालाला लावून बघायचे, ओल आहे का. मी तार घासून चकचकीत केली. मग पातळ केलेली राळ त्यांनी बोटानं कड्यावर अशी चढवली की एक जागा सुटली नाही. ती वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. बोललो फार नाही, पण तो अबोला नव्हता.

राळ वाळत होती तेव्हा मामा म्हणाले, "लुकण छिन्नीन निघाचा नाय. नवा भोक मारूचा लागात." त्यांनी गिरमिट घेतलं आणि ते स्वतःच शिडी चढले. ह्या खेपेला शिडी मी धरली. गिरमिटाचं टोक तळाला टेकवून ते थांबले.

"कुंदा, खरांच मारू?" ते म्हणाले. "उभ्या जल्मात तळाक भोक मारूक नाय मी."

"मारा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून गिरमिट फिरवलं.

दुपार कलली होती. कडं लावलं, झाकण बसवलं, तडकलेल्या केबलवर मेणकापड गुंडाळलं. मी खोलीत येऊन सेट चालू केला, बटण दाबलं, आणि सुई डावीकडे राहिली. मी दोनदा दाबून बघितलं. ती हलली नाही.

"आडबंदरकडून सगळ्या बोटी," मी म्हणाले आणि बटण सोडलं.

खरखरीतून आवाज आला. "रामेश्वर. अरे, जित्ये असास?"

दाराशी उभ्या असलेल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. चेअरमन खुर्चीत बसले होते ते पुढे सरकले. पण मला आनंद करायला सवड नव्हती. दुपारच्या रेडिओवर हवामानाची सूचना आली होती, दक्षिणेकडून वारा वाढत जाणार, खोल पाण्यातल्या बोटींनी संध्याकाळपर्यंत आत यावं. मी ती कागदावर उतरवून ठेवली होती. रामेश्वरला वाचून दाखवली. तिकडून उत्तर आलं, "बघतंव, गंगासागर काय करता ता."

चेअरमननी माझ्याकडे बघितलं. सकाळी म्हणालो नव्हतो, तुझं ऐकणार कोण, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी गंगासागरला हाक मारली.

"गंगासागर ऐकता," दिगूचा आवाज आला. आठवड्यानं ऐकलेला. मला बाकी सगळं विसरून विचारायचं होतं, जेवलात का, बरे आहात का. मी सूचना वाचली.

"आबाळ स्वच्छ असा," तो म्हणाला. "जाळी आताच सोडलेली असत. मासळी बरी लागता. बाबा थंयसर असत काय? बाबांक इचार, ते काय म्हणतत."

"सूचना इली हा. आत येवचा असा," मी म्हणाले.

"ता खरां. पण बाबांक इचार."

मी मान वळवली. मामा दारात बायकांच्या मागे उभे होते. सगळ्यांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. ह्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. मी माइक पुढे केला आणि सांगितलं, बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. राळेनं काळ्या झालेल्या अंगठ्यानं त्यांनी बटण इतक्या जोरात दाबलं, की ते तुटतं की काय असं मला वाटलं.

"दिगू."

ते थांबले. त्यांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं नाही. कुणाकडेच बघितलं नाही.

"माका कित्या इचारतंस? मी जमनीर बसलंय, माका काय कळता? खबर तिच्याकडे इली हा." त्यांनी दम घेतला. "आनी येक ऐक. हयसर बसान ती तुझी बायको म्हणान बोलणा नाय. बंदर बोलता. जाळी ओढ आनी आत ये."

अंगठा तसाच बटणावर होता. मी हळूच तो उचलला.

"ओढतंव," दिगू म्हणाला. त्याच्या मागोमाग रामेश्वरचा आवाज आला, "आमीव ओढतंव."

मामांनी माइक माझ्या हातात दिला आणि ते दाराकडे वळले. अजून दोन बोटींना सांगायचं होतं. मी बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि माझ्या गळ्यातून आवाजच फुटेना. चेअरमननी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "पी आदी. मगे सांग तेंका. ऐकतले."